सहा वर्षांच्या आधीचं काय?

पहिलीत सगळी मुलं कोरी पाटी घेऊन येतात, असं आपण मानतो. पहिलीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारून बघा.

जूनमध्ये वर्ग भरला की आठवड्याभरात सगळं दिसतं. एक मूल पुस्तक हातात आल्या आल्या सुलट धरतं, चित्रावर बोट ठेवून "मग काय झालं?" विचारतं. शेजारचं मूल पानावर अख्खा तळहात फिरवत बसतं. पान कोपऱ्यातून उलटायचं, हे त्याला कधी कुणी दाखवलेलंच नसतं. त्याच मुलाला घरच्या शेळीबद्दल विचारा, थांबायचं नाव घेणार नाही. म्हणजे प्रश्न बुद्धीचा नाहीच.

पहिल्या मुलाला घरी गोष्टी वाचून दाखवणारं कुणीतरी होतं, शिवाय नर्सरी आणि केजी. दुसऱ्याचे आईबाप ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून टोळी निघते, ती उन्हाळा लागल्यावरच परतते. नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि मूल साखर कारखान्याच्या तळावर, कोपीबाहेर (पाचटाच्या झोपडीबाहेर), सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीणही शाळेबाहेरच.

आणि मग कुणीतरी म्हणतं, "या लोकांना शिक्षणाची कदर नाही." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अंधार असताना उसाच्या फडात जाणाऱ्या, दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर चूल पेटवणाऱ्या बाईने रात्री लेकराला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आपला कायदाही तिच्या बाजूने नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना हक्क देतो. त्याआधीच्या वयासाठी सरकार सोय 'करू शकेल', एवढंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा एक सलग टप्पा मानला, चांगलं झालं. पण धोरण दाखवून कुणाला हक्क मागता येत नाही.

राहिली अंगणवाडी. ती ज्या एकात्मिक बालविकास योजनेखाली चालते ती १९७५ ची, आणि पूर्वशालेय शिक्षण तिच्यात पहिल्यापासून आहे. पण सेविकाताईंचा दिवस बघा: वजनं, आहार वाटप, लसीकरणाला मदत, गृहभेटी, मोबाईलवर नोंदी. गाणी-गोष्टींना उरलेला वेळ. एवढं करून मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, तेव्हा खिचडीचं काय होणार याची चर्चा झाली. मुलांचं शिकणं बुडतंय, असं म्हणणारे फार कमी भेटले.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा त्या आदिवासी पाड्यावर गेल्या, अंगणात वर्ग भरवला. महागडी साधनं नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पानं वापरली. त्यांच्या 'विकासवाडी' या प्रयोगात तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्याला सांभाळायची सोय झाली की थोरलीही वर्गात बसू शकते, इतकं साधं गणित त्यांना तेव्हा कळलं होतं.

म्हणून मागणी अशी: प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी एक जादा प्रशिक्षित ताई, पूर्ण पगारावर. आणि गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक कारखान्याच्या तळावर पाळणाघर आणि बालवाडी तयार हवी. टोळ्या कुठे आणि कधी जाणार, हे टोळी ठरवणाऱ्या मुकादमापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना आधीच माहीत असतं.