मेंदूत आजार सापडला, म्हणून मार निर्दोष?

सध्या जो तो पुढे पाठवतोय त्या मजकुरातला दावा असा: मार खाल्लेल्याच्या शवविच्छेदनात मेंदूचा जुना आजार दिसला की मृत्यू नैसर्गिक, कवटी फुटली नसेल तर मार किरकोळ, आणि ‘आजारी माणूस, तसाही जाणारच होता’.

कवटीचं आधी उरकतो. ती शाबूत असतानाही मेंदूभोवती रक्त साकळून जीव जातो. वयानं किंवा वर्षानुवर्षांच्या दारूनं मेंदू आकसला की वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या धडपडीतही तुटतात. रक्त कधी इतकं हळू साचतं की माणूस काही आठवडे हिंडताफिरता असतो. ‘मार खाऊन तो चालत घरी गेला’ यावरून म्हणूनच काही ठरत नाही.

खरी गफलत पहिल्या मुद्द्यात आहे. मेंदूच्या धमनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, सुमारे 3 टक्के प्रौढांत असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. नुसता फुगा सापडून भागत नाही, तो फुटलेला दिसायला हवा. त्यासाठी मेंदू टिकवायला फॉर्मलिनच्या द्रावणात टाकण्याआधीच साकळलेलं रक्त हळुवार धुऊन काढावं लागतं. नंतर गुठळी घट्ट होते आणि शोध अवघड होतो. फुगा नसेल आणि जबड्यावर किंवा कानामागे मार असेल, तर मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली का, हे पाहणं आलंच. मान न तपासता दिलेलं ‘नैसर्गिक’ हे मत माझ्या लेखी अर्धवट.

दाव्यात तथ्य एवढंच, की उलटंही घडतं: रक्तदाबामुळे मेंदूत खोलवर रक्तस्राव होतो, माणूस कोसळतो आणि डोक्याला खोक पडते. पण हे ठरवायला रक्तस्रावाची जागा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं जखमांचं वय आणि पाहणाऱ्यांनी सांगितलेला घटनाक्रम जुळावा लागतो.

राहिलं ‘जाणारच होता’. कधी, हा प्रश्न यात गिळला जातो. मारानं मरण अलीकडे ओढलं असेल, तर ते कारणांच्या साखळीत येतं. मृत्यूच्या दाखल्यात साखळीखाली हातभार लावणाऱ्या आजारांसाठी वेगळी जागा असते ती उगाच नाही. शिवाय जुना आजारच कधी जुन्या माराची देणगी असतो. डोक्याला गंभीर इजा झालेल्याला पुढे अपस्मार जडतो आणि वर्षांनंतर फिटमध्ये तो दगावतो. ही साखळी पुराव्यानिशी जुळली, तर मृत्यूचं मूळ कारण म्हणून ती जुनी इजाच नोंदवली जाते.