बससेवा कायम ठेवून तूट कशी भरावी

परिवहन उपक्रमाच्या अंदाजपत्रकात तूट दिसू लागली की आपण सर्वप्रथम एक पत्रक काढावे आणि ‘एकही बसमार्ग बंद होणार नाही’ हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत छापावे. मार्ग ही नकाशावरची रेघ असते आणि रेघेला डिझेल लागत नाही. डिझेल लागते ते फेरीला. म्हणून कात्री फेऱ्यांना लावावी, रेघेला धक्काही लावू नये.

दर १५ मिनिटांनी सुटणारी बस ३० मिनिटांनी सोडावी. वेळेवर धावणाऱ्या बससाठी सरासरी साडेसात मिनिटे थांबणारा माणूस आता १५ मिनिटे थांबेल, आणि मधली एखादी फेरी रद्द झाली तर तासभरही थांबेल. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच मांडले होते की, बसच्या खर्चात प्रवाशाने वाट पाहण्यात घालवलेला वेळही धरावा लागतो. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात आणि हा खर्च प्रत्येकापुरता घटतो. आपल्याला हेच चक्र उलटे फिरवायचे आहे. प्रवाशाचा वेळ आपल्या खतावणीत नोंदवलेलाच नसल्यामुळे तो कितीही उधळला तरी लेखापरीक्षक हरकत घेत नाहीत.

त्यानंतर एखाद्या थांब्यावरचे दृश्य दुरूनच न्याहाळावे. माणूस एक पाय रस्त्यावर ठेवून वळणाकडे मान लांबवतो, मागे येतो, उन्हाने फिकट झालेल्या वेळापत्रकावरून बोट फिरवतो, पुन्हा मान लांबवतो आणि अखेरीस दिसेल त्या वाहनाला हात करतो. तो हात वर झाला की आपले काम फत्ते झाले असे समजावे, कारण पुढच्या पाहणीनंतर ‘या मार्गास प्रवाशांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा निर्धास्तपणे मारता येतो आणि उरलेल्या फेऱ्याही कमी करता येतात. (फेऱ्या निम्म्या केल्या म्हणून खर्चही निम्मा होईल, अशी भाबडी आशा मात्र बाळगू नये. आगार, कार्यशाळा आणि विमा जागच्या जागी राहतात, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी घेतलेली बस दुपारी उभी ठेवली म्हणून तिचे कर्ज फिटत नाही.)

भाडेवाढही अवश्य करावी. जुना ठोकताळा असा आहे की, भाडे तीन टक्के वाढले की प्रवासी एक टक्का घटतात. म्हणजे ३० टक्के वाढ केल्यास उत्पन्न जेमतेम १७ टक्क्यांनी वाढते. पण पत्रकात ३० हाच आकडा द्यावा, तो अधिक भारदस्त दिसतो.

काही उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. त्यांतला सर्वांत धोकादायक म्हणजे बससाठी राखीव मार्गिका. वाहतुकीत अडकणाऱ्या बसला जाऊन-येऊन ८० मिनिटे लागत असतील, तर दर दहा मिनिटांनी सेवा देण्यास आठ बस लागतात. रस्ता मोकळा करून तीच खेप ६० मिनिटांत झाली, तर सहा पुरतात. एकही फेरी कमी न करता दोन बस आणि त्यांवरील चालकांचा खर्च वाचेल, आणि मग तूट कशाच्या जोरावर दाखवणार? शिवाय त्या मार्गिकेच्या जागी आज मोटारी उभ्या असतात, आणि उभ्या मोटारीचे मालक पत्रे फार लवकर लिहितात.

तशीच लंडनची गोष्ट सभेत निघू देऊ नये. तेथे २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेतात, आणि त्यातून उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्चण्याचे बंधन कायद्याने घातले होते. पॅरिस परिसरात तर १९७१ पासून कर्मचाऱ्यांना कामावर आणणाऱ्या बस-रेल्वेसाठी मालकांकडूनच कर घेतला जातो. कोणी हे विषय काढलेच, तर ते अभ्यास समितीकडे सोपवावेत.

एवढे केल्यावर तूट आटोक्यात आल्याचे आणि सर्व मार्ग अबाधित असल्याचे जाहीर करण्यासाठी एक समारंभ ठेवावा. निमंत्रणपत्रिकेवर जवळच्या थांब्याचे नाव आवर्जून छापावे. समारंभ दहा वाजता असून त्या थांब्यावरची पहिली बस अकराला येते, ही बाब छापण्याची गरज नाही.