कामगाराची मात्रा तागडीत का घालायची?

सप्रेम नमस्कार.

कर्नाटकातील कैगा अणुवीज प्रकल्पातील तपासण्यांवरील माझ्या लेखावर आपण घेतलेला आक्षेप थोडक्यात असा : तपासणी करताना कामगाराला मिळणारा किरणोत्सार (त्याची ‘मात्रा’) मी म्हणतो तसा सुरक्षेच्या हिशेबात धरला की नकोशी तपासणी टाळायला व्यवस्थापनाला आयते निमित्त सापडते, शिवाय कामगार धोका पत्करून नोकरीला आलेला असतो, प्रकल्पाच्या परिसरातील काणकोण-कारवारच्या लोकांनी तो पत्करलेला नाही. पहिला मुद्दा मला बराचसा मान्य आहे, दुसरा मुळीच नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगातच पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेले) जड पाणी, म्हणजे अणुभट्टीत वापरले जाणारे पाणी, मिसळले गेले आणि पन्नासच्या आसपास कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते आढळले. तहान लागली म्हणून पाणी प्यायलेल्या माणसाने नेमका कोणता धोका पत्करला होता? आपल्याकडे कामगाराला वर्षाला ३० आणि पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचे माप) मर्यादा आहे, सामान्य नागरिकाला वर्षाला १. हा फरक आधीच पुरेसा मोठा आहे. त्यावर ‘पगार घेतो ना’ हे आणखी ओझे नको.

हिशेबात धरण्याचे कारण साधे आहे. तपासणीमुळे टळणारा अपघात ही शक्यता असते. पण अणुभट्टी बंद असताना फीडर नळ्यांची (भट्टीत जड पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्यांची) जाडी मोजायला तिच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या छातीवरचा टीएलडी बॅज (मिळालेला किरणोत्सार नोंदवणारा बिल्ला) त्या पाळीत काही ना काही नोंदवणार, हे ठरलेलेच असते.

आता निमित्ताविषयी. समजा, एका तपासणीत ४० जणांना प्रत्येकी ५ मिलिसिव्हर्ट मिळाले, म्हणजे सगळ्यांची बेरीज ०.२ मनुष्य-सिव्हर्ट (एक सिव्हर्ट म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट). आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००७ मध्ये प्रौढ कामगारांसाठी दर सिव्हर्टला सुमारे ४ टक्के हानी, म्हणजे मुख्यतः कर्करोगाची शक्यता, धरली आहे. त्यानुसार येथे अपेक्षित हानी एका माणसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी येते. एवढा आकडा पुढे करून कोणी महत्त्वाची तपासणी लांबवत असेल, तर खरे कारण वीजनिर्मितीचे बुडणारे दिवस असावे, असा संशय मीही घेईन.

मला अधिक खटकते ते वेगळेच. मर्यादा माणशी असल्यामुळे चाळीसऐवजी ऐंशी जण आत पाठवले की प्रत्येकाचा आकडा गोंडस दिसतो, मात्र एकूण मात्रा घटत नाही. नवख्या हातांना वेळ जास्त लागत असल्यामुळे ती उलट वाढते, आणि हे जादा हात बहुधा कंत्राटी असतात. म्हणून शिशाची ब्लँकेटे टांगली का, बाहेर उभारलेल्या हुबेहूब प्रतिकृतीवर सराव झाला का, दुरून चालणारे यंत्र वापरता येईल का, हे आधी विचारले पाहिजे आणि त्यानंतर उरलेली मात्राच तागडीत घातली पाहिजे. मूळ लेखात मी हा क्रम उलटा मांडला होता. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.