"पत्रा वाकवून कन्व्हेयर म्हणून विकतात" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरीनं मोबाईलवर दाखवला. एक स्टार. बाटल्या पुढं नेणारी कन्व्हेयर मशीन उशिरा दिली, बाटल्या पडतात, सेन्सर बाटली ओळखत नाही, फोन उचलत नाहीत आणि शेवटी "हे लोक नुसता पत्रा वाकवून कन्व्हेयर म्हणून विकतात" असं तुम्ही लिहिलंय.

आमचं चुकलं ते आधी सांगतो. १५ जानेवारीचा वायदा करून आम्ही माल ३ फेब्रुवारीला पाठवला. १९ दिवस उशीर झाला. गिअर मोटर वेळेत आली नाही, पण ते तुम्हाला आधी कळवायला पाहिजे होतं, तुमच्या क्रशची स्ट्रॉबेरी काही आमच्या मोटरसाठी थांबत नाही. मनापासून माफी मागतो. फोनचंही तसंच, शॉपमध्ये ग्राइंडर चालू असला की रिंग ऐकू येत नाही, पण मिस कॉल बघून परत फोन करणं आमचं काम होतं.

पण बाटल्या पडतात ते मशीन खराब आहे म्हणून, हे मात्र मला मान्य नाही सर, आणि हे चार लोकांसमोर लिहिलंय म्हणून उत्तरही चार लोकांसमोरच द्यावं लागतंय.

दिवाळीनंतर तुम्ही आमच्या एमआयडीसीतल्या शॉपवर आला तेव्हा पिशवीतून सहा बाटल्या आणल्या होत्या. काचेच्या, ७५० मिलीच्या, क्रशच्या. त्यातल्या पाच अजून माझ्या रॅकवर तुमच्या नावाचा स्टिकर लावून उभ्या आहेत, एक ट्रायलला फुटली. काट्यावर एक बाटली ४४० ग्रॅम, व्यास ७८ मिमी. ड्रॉइंगवर बाटलीचा व्यास, उंची आणि "काच" असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. त्या बाटलीवरून आम्ही सव्वातीन इंची स्लॅट चेन (पट्ट्यांची, जिच्यावर बाटल्या उभ्या चालतात) घेतली, बाटलीच्या दोन्ही बाजूंच्या गाइड रेलमधलं अंतर ८२ मिमी ठेवलं, मिनिटाला ४० बाटल्या पाहिजे होत्या म्हणजे बाटलीला बाटली लावून ३ मीटरच्या थोडं वर, आम्ही मधे गॅप धरून चेनचा स्पीड ६ मीटर ठेवला. तुम्ही स्वतः दोन तास ट्रायल बघितली, एक बाटली आडवी झाली नाही (फुटलेली ती हाताळताना हातातून सुटली, चेनवर नाही). नंतर पसरणी घाटातून टेम्पो न्यायचा म्हणून फ्रेमचे दोन तुकडे करून वर नेऊन जोडले, लेव्हल लावली, तुमच्या फ्लोअरला ड्रेनकडं उतार आहे तो धरून पाय सेट केले.

फेब्रुवारीच्या शेवटी तुमचा फोन आला, बाटल्या पडतात म्हणून. मी दुसऱ्या दिवशी स्वतः आलो. चेनवर बघतो तर पेटच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या बाटल्या. तुमचे सुपरवायझर म्हणाले, काच महाग पडते आणि वाटेत फुटते म्हणून बदलली. बदला की, धंदा तुमचा आहे, आम्हाला काही म्हणायचं नाही. पण एक फोन करायचा होता सर. ती बाटली मी तिथंच तुमच्या काट्यावर ठेवली, ३६ ग्रॅम. व्यास ७०. म्हणजे ८२ च्या रेलमधे १२ मिमी मोकळी जागा, बाटली सरळ जातच नाही, डावीउजवीकडं आपटत जाते. त्यात बाटली धुणाऱ्या वॉशरकडून भरणाऱ्या फिलरकडं जाताना एका चेनवरून शेजारच्या चेनवर बाटली सरकते, तिथं दोन्ही चेनच्या स्पीडमधे थोडा फरक असतोच, काचेची बाटली स्वतःच्या वजनावर उभी राहते, रिकामी पेट त्या धक्क्यानं झोपते आणि एक झोपली की मागच्या चार घेऊन झोपते. रिकाम्या पेटसाठी मोठ्या प्लांटमधे बाटली चेनवर चालवतच नाहीत, गळ्याच्या रिंगला धरून ब्लोअरच्या हवेनं लटकवत नेतात. ती मशीनच वेगळी आहे, किंमतही वेगळी. तुम्ही ती मागितली नव्हती आणि आम्ही ती दिलेली नाही.

सेन्सरचंही तेच. आम्ही तो काचेच्या जाड बुडाच्या उंचीवर सेट केला होता, पातळ पेटमधून लाइट आरपार जातो, मग त्याला बाटली आलीय हेच कळत नाही, मग बाटली बाजूला ढकलणारा पुशर झाकण नसलेली सोडून चांगली ढकलतो. आणि पॅनलवर मोटरच्या स्पीडसाठी आम्ही २५ हर्ट्झ लावून दिले होते ते तुमच्याकडं ५० वर होते, म्हणजे चेन डबल स्पीडनं पळत होती. हे कुणी केलं ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी आणि आमचा फिटर रात्री नऊपर्यंत तुमच्याकडं होतो. ब्रॅकेटमागं वॉशरच्या चकत्या टाकून टाकून रेल ७३ वर आणली, स्पीड कमी केला, पडायचं प्रमाण कमी झालं हे तुमच्या सुपरवायझरनी बघितलंय. एक रुपया घेतला नाही, जेवण सुद्धा खाली पाचवडला येऊन केलं. यातलं एक वाक्य जरी रिव्ह्यूमधे आलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

आणि पत्रा. हो, आम्ही पत्रा वाकवतो, पंधरा वर्षं तेच काम आहे. पण तो ३०४ स्टेनलेसचा आहे कारण क्रश आंबट असतो, साधं लोखंड महिन्यात गंजतं. चेनखालची पांढरी पट्टी झिजली तर चार बोल्ट काढून बदलता येते, ते डिझाइन आमचं आहे. वेल्डिंगचा डाग राहिला तर आमचा वेल्डर स्वतः झोपत नाही. त्यानं रिव्ह्यू वाचला, दिवसभर बोलला नाही.

आमच्याकडं सात माणसं आहेत, बेंडिंग मशीनचा हप्ता चालू आहे. परवा कराडच्या एका पार्टीनं तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं की हे काय आहे, ऑर्डर फायनल झाली होती, ॲडव्हान्स थांबला. म्हणून एवढं लांब लिहिलं, राग मानू नका.

इथून पुढं ड्रॉइंगवर "बाटली बदलल्यास आधी कळवा" हे ठळक टाकणार, डिलिव्हरीच्या तारखांचं पण बघतोय. तुमच्यासाठी फिरवून ॲडजस्ट होणारे गाइड रेल क्लॅम्प बनवून ठेवलेत, त्याचे पैसे नकोत, पारदर्शक बाटलीचा सेन्सर मात्र खरेदीच्या भावानं द्यावा लागेल, तेवढं परवडत नाही. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. फक्त कोणती बाटली चालवताय ते त्यात लिहा.

क्लॅम्प बसवायला आमची पोरं सोमवारी सकाळी सात वाजता निघतील, गेटवर सांगून ठेवा. येताना रॅकवरच्या त्या पाच काचेच्या बाटल्या पण घेऊन येतायत, आधी त्या चेनवर सोडून बघा, तुम्ही समोर असाल तर बरं होईल.