फौजदार ते आमदार: रजा टाकून अर्ज भरता येत नाही

सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपासून पोलीस लाईनपर्यंत एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: सुशीलकुमार शिंदे फौजदार असतानाच निवडणुकीला उभे राहिले आणि थेट गृहमंत्री झाले. पोलिसानं रजा टाकून अर्ज भरावा, पडला तर पुन्हा रुजू व्हावं, निवडून आला तर ठाणं त्याच्या हाताखाली. यावर विसंबून एखाद्याची नोकरी जाईल, म्हणून हे उत्तर.

शिंदे नोकरीत असताना उभे राहिले नाहीत. सोलापूरच्या न्यायालयात नोकरी, मग फौजदारकी, १९७१ मध्ये ती सोडून काँग्रेसमध्ये प्रवेश, १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत आमदारकी, असा तो क्रम आहे. केंद्रीय गृहमंत्रिपद आलं २०१२ मध्ये. मधली ३८ वर्षं राज्याचे अर्थमंत्री, मुख्यमंत्री, आंध्रचे राज्यपाल, केंद्रीय ऊर्जामंत्री अशी गेली. त्याला ‘थेट’ म्हणणं त्या माणसाच्या कष्टांवर अन्याय आहे.

रजेची गोष्ट सगळ्यात घातक. रजेवरचा पोलीस पदावरच असतो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ नुसार सरकारी लाभाचं पद (म्हणजे पगार-मोबदल्याचं सरकारी पद) धारण करणारा विधानसभेसाठी अपात्र ठरतो. पात्रता बघतात ती अर्जांच्या छाननीच्या दिवशी. त्या दिवशी हातात राजीनाम्याची पोच नव्हे, मंजुरीचा आदेश लागतो. निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्ज भरायची मुदत संपते, लगेच दुसऱ्या दिवशी छाननी. स्वेच्छानिवृत्तीला मात्र २० वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. म्हणजे आचारसंहिता लागल्यावर कागद हलवणाऱ्याचं गणित जमतच नाही, आणि विभागीय चौकशी चालू असेल तर मंजुरी आणखी अडते. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांचा राजीनामा मंजूर होईपर्यंत आमला मतदारसंघाची उमेदवारी दुसऱ्याला गेली होती.

पोलिसांच्या हमखास नजरेतून सुटणारा कागद वेगळाच आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्याला भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला उमेदवारी अर्जाला जोडावा लागतो. २०२४ च्या लोकसभेला बंगालमधल्या बीरभूमला माजी आयपीएस देबाशिस धर यांचा अर्ज या दाखल्यावाचून बाद झाला. तेव्हा क्वार्टरची किल्ली परत देतानाच हा दाखला घ्या.

पडल्यावर परत रुजू होण्याचा हक्कही कुणाला नाही. जुन्या पेन्शनमधल्यांनी राजीनामा दिला, तर निवृत्तिवेतन नियमांनुसार मागची सेवाच बुडते. म्हणून ज्यांची २० वर्षं भरलीत त्यांनी राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्तीच घ्यावी. नोकरीत राहून दुसऱ्याचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं हासुद्धा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिलं ठाणं. वर्दी उतरली की अटक, झडती, तपास यांचे पोलिसी अधिकार संपले. आमदार ठाणेदाराला गुन्हा नोंदवा किंवा नोंदवू नका असा आदेश देऊ शकत नाही. ठाणं शहरात आयुक्तांच्या आणि ग्रामीणमध्ये अधीक्षकांच्या हाताखाली. आमदाराचं हत्यार म्हणजे विधानसभेतले तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते) आणि लक्षवेधी सूचना. तपासातल्या खाचाखोचा ठाऊक असलेला माजी फौजदार तिथे नेमकं विचारू शकतो, हा त्याचा खरा फायदा. ठाण्यात दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो) नोंदवून घेतला नाही, तर अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि मग न्यायदंडाधिकारी, हा रस्ता त्यालाही तोच, जो करमाळ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला आहे.