बघू की!

‘नाही’ म्हणायला दोन अक्षरं लागतात. ‘बघू’ म्हणायलाही दोनच. पण पहिल्याला पैसे पडत नाहीत आणि दुसऱ्याने माझ्या खिशाला दहा हजारांच्या वर भोक पाडलंय. कुणी पाडलं ते चारचौघांत बोलायचीही सोय नाही, कारण पाडणारे आमचे दाजी आहेत. जावई माणूस. आमच्या घरात जावयाला बोलण्यापेक्षा इन्कम टॅक्सवाल्याला बोलणं सोपं.

आईला गंगेत एक बुडी मारायची होती आणि जन्मात एकदा विमानात बसायचं होतं. दोन्ही एकाच फेरीत बसवायचं म्हणून मी बेत आखला. जाताना पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान, पुढे गाडी करून हरिद्वार-ऋषिकेश, येताना निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने थेट मिरज. माणसं नऊ. आई, अण्णा, मावशी, मी, बायको, मुलगी, ताई, भाचा आणि दाजी. मे महिना, पोरांना सुट्टी. बुकिंगचं काम माझ्याकडे, कारण ‘तुला त्यातलं कळतंय’. (फार वर्षांपूर्वी मी शेजाऱ्यांचं लाइट बिल मोबाइलवरून भरून दिलं होतं. तेव्हापासून मला सगळ्यातलं कळतंय.)

फेब्रुवारीत एकेकाला विचारलं. सगळे हो म्हणाले. शेवटी दाजींना फोन लावला.

“दाजी, तारीख धरू का?”

“धर की.”

“म्हणजे तुम्ही येणार ना?”

“बघू की.”

काय अर्थ लावायचा याचा? दाजींची मिरजेच्या पूर्व भागात अडीच एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की मे महिनाभर फुटी काढा, शेंडे खुडून सबकेन करा, मजुरांच्या मागे फिरा, म्हैसाळ योजनेचं पाणी कधी येतंय त्याच्याकडे डोळे लावून बसा. मी सांगलीचाच आहे, मला हे कुणी शिकवायला नको. बाग सोडून आठवडाभर जायचं म्हणजे जिवावर येणारच. म्हणून तर विचारलं! “नाही जमायचं यंदा” एवढं म्हणाले असते तर त्यांच्यासाठी गंगेची बाटली भरून आणली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण नाही म्हटलं की वाईटपणा येतो. बघू म्हटलं की तो वाईटपणा बुकिंग करणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

आता विमानाच्या तिकिटाचा हिशेब इथे मांडतो, कारण घरात कुणी ऐकून घेतलेला नाही. एका विमानातल्या सगळ्या सीटना एक भाव नसतो. थोड्या स्वस्त, त्या संपल्या की थोड्या त्याहून महाग, अशा पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर आठच सीट उरल्या असतील आणि तुम्ही नऊ मागितल्या, तर आठ जुन्या भावाने आणि एक नव्या भावाने असं होत नाही. नऊच्या नऊ वरच्या पायरीवर जातात. त्या रात्री मी आठ माणसं टाकून बघितली, माणशी ५,९१०. नऊ टाकली, ६,४८०. पुन्हा आठ, पुन्हा ५,९१०. बायको म्हणाली, झोपा आता, तेच तेच काय बघताय. पण मला दिसत होतं ना! दाजी येवोत न येवोत, त्यांची सीट धरल्यामुळे बाकीच्या आठांवर ५७० प्रमाणे ४,५६० रुपये चढत होते.

याला उपाय इतका सोपा होता की सांगताना लाज वाटते. आठ जणांचं एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंग नंबरवर काढायचं, दाजींचं वेगळ्या पीएनआरवर. त्यांचं फिसकटलं तर तेवढंच रद्द करायचं, आमच्या आठांच्या भावालाही धक्का नाही आणि तिकिटालाही. मी फक्त ताईला सांगितलं, तेही फोनवर, हळू आवाजात.

“त्यांना वेगळं पाडतोस होय रे?”

झालं. दहाव्या मिनिटाला आईचा आवाज चढला. जावयाचं तिकीट वेगळं? त्यांना काय वाटेल? लोक काय म्हणतील? अगं कुठले लोक? लोहगाव विमानतळाच्या दारावर उभा असलेला जवान मला बाजूला घेऊन विचारणार आहे का, “काय हो, जावईबापूंना वेगळ्या पीएनआरवर टाकलंत?” विमान एकच, वेळ एकच, पैसे भरून सीटसुद्धा शेजारची घेता येते. पण मानाच्या पंगतीत बसवलेला माणूस आमच्याकडे कागदावरसुद्धा वेगळ्या ओळीत चालत नाही. मी हात टेकले. नऊ जणांचं एकत्र काढलं, ५८,३२० रुपये माझ्या कार्डावर. वर दाजींना खिडकी लागते म्हणून त्या सीटचे ३५० वेगळे.

आणि गंमत बघा. साठ दिवस आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन उघडलं, तेव्हा एका तिकिटावर सहाच माणसं बसतात म्हणून तिथे सहा आणि तीन असं आपोआप पडलं. दाजी तिघांत. तेव्हा कुणाच्या मानाला काही लागलं नाही. रेल्वेने पाडलेलं चालतं, मेव्हण्याने पाडलेलं चालत नाही.

(एक आणखी जखम. ऑनलाइन एका वेळी नऊच माणसं काढता येतात. दहा झाली की विमान कंपन्यांचा ग्रुप बुकिंगचा मामला सुरू होतो. तिथे आगाऊ रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. म्हणजे ‘बघू’ म्हणणाऱ्यांसाठीच केलेली सोय. गळालेल्या माणसाचे पैसे तिथेही कापतात, पण निदान विचार करायला वेळ मिळतो. आम्हाला एक माणूस कमी पडला. मावशीच्या मुलाला विचारलं होतं. तो काय म्हणाला असेल ते तुम्हीच ओळखा.)

मार्च गेला, एप्रिल गेला. दर रविवारी मी फोन करायचो आणि दर रविवारी कारण नवं. एकदा पाणी. एकदा मजूर. एकदा भावकीतलं लग्न, ज्याची तारीखच ठरली नव्हती. एकदा चक्क, “दिल्लीत लई ऊन असतंय म्हणं.” सांगलीत मे महिन्यात काय बर्फ पडतंय काय, दाजी? हे मी बोललो नाही. मनात बोललो. मनात मी त्या दोन महिन्यांत फार बोललोय. एकदा नेट लावून विचारलंच, “दाजी, रद्द करायचं असलं तर आत्ता सांगा, जसजशी तारीख जवळ येईल तसे जास्त कापतात.” तर म्हणाले, “तू काढून ठेवलंयस न्हवं? आलो तर आलो.”

आलो तर आलो! अहो, विमान आहे ते, वडाप नव्हे. दोन माणसं कमी आली म्हणून ड्रायव्हर पुढच्या फाट्यावर दोन उचलून हिशेब जुळवतो, तसं नसतं हे. खुर्ची रिकामी गेली तरी तिचे पैसे तुमचेच जातात.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला. दाजींकडून नव्हे, ताईकडून. आणि तोही ‘नाही’ असा नव्हेच. “त्यांचं जरा अवघड दिसतंय.” बरं. मी मोबाइल उघडला, तेवढ्यात दुसरं वाक्य. “त्यांच्या जागी आमच्या थोरल्या जाऊबाई येतो म्हणतायत. नाव तेवढं बदल.”

नाव तेवढं बदल! विमानाच्या तिकिटावर एका माणसाच्या जागी दुसरा माणूस घालता येत नाही. स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्ती होते, पण ती त्याच माणसाची. दाजींच्या नावातलं कुठलं अक्षर दुरुस्त केलं की जाऊबाई होतात ते मला सांगा. त्यात अण्णा मध्येच पडले, “रेल्वेत होतंय की.” हो, होतंय. कन्फर्म तिकीट असेल, चोवीस तास आधी अर्ज दिला, तर घरच्या माणसाच्या नावावर करून मिळतं. पण घरचं म्हणजे आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी. भावजय त्यात बसत नाही. आणि मुळात हे विमान आहे, अण्णा!

रद्द करायची रात्र तर विसरणार नाही. ज्या अॅपवरून काढलं होतं तिथे ‘रद्द करा’ दाबलं की नऊच्या नऊ नावांपुढे आपोआप टिक. एकेक काढायची आणि दाजींची तेवढी ठेवायची. बोट थरथरत होतं. चुकून आईवर पडलं तर? शेवटच्या पानावर गाडी अडकली. कस्टमर केअरला फोन लावला, पाऊण तास सनईसारखं काहीतरी वाजत होतं. मग एक मुलगा आला आणि पहिलाच प्रश्न, “सर, पूर्ण बुकिंग कॅन्सल करायचं आहे का?” नाही रे बाबा! एकच माणूस! तेव्हा कुठे त्याने दाजींना आमच्या पीएनआरमधून सोडवून वेगळ्या पीएनआरवर टाकलं आणि मग रद्द केलं. म्हणजे शेवटी दाजी वेगळे पडलेच. फेब्रुवारीत फुकटात पडले असते.

परत किती आले? १,०९०. ताईला सांगितलं तर म्हणते, “एवढेच? तू नीट बघितलंस ना?” म्हणजे मधले मी खाल्ले. तिला समजावलं की मूळ भाडं आणि इंधनाचा आकार यापेक्षा जास्त कापता येत नाही असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, पण याचाच दुसरा अर्थ असा की तेवढं सगळं कापता येतं. हातात राहतात ते कर आणि विमानतळाचं शुल्क. ते मात्र रद्द न करता नुसतं गेलं नाही तरी परत मागता येतं, सोडायचं नाही. रेल्वेचे बरे, ठरलेली रक्कम कापून बाकीचे गुपचूप खात्यात आले. हरिद्वारच्या तीन खोल्यांत तीन-तीन अशी मांडणी होती, ती पुन्हा मांडतोय. मावशीला घोरणारं कुणी शेजारी नको, आणि घोरत नाही असं आमच्यात कुणी नाही.

पैसे कोण देणार हा प्रश्न निघालाच नाही. ताई एकदा म्हणाली, “किती झाले सांग.” मी तोंड उघडणार एवढ्यात आईने असं बघितलं की मी म्हटलं, राहू दे गं.

आणि परवा दाजी स्वतः घरी आले. सांगलीत कामाला आले होते. हसत हसत आत आले, पिशवीतून दोन किलो बेदाणा काढला, घरचा, हिरवागार, एकसारखा, आणि म्हणाले, “वाटेत खायला हुईल.” आईचे डोळे भरून आले. बघा किती माया! मी चहा घेता घेता हिशेब केला. चढलेले ४,५६०, बुडालेले ५,३९०, खिडकीचे ३५०. एकूण १०,३००. भागिले दोन किलो. बेदाणा मला ५,१५० रुपये किलोने पडला. तासगावच्या सौद्यात हा दर निघाला असता तर दाजींनी विमानच विकत घेतलं असतं. आणि बेदाणा चांगला आहे हो, हेच तर दुखणं आहे. धड रागही नीट येऊ देत नाही माणूस.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, “पुढच्या वर्षी मात्र नक्की. तिरुपतीचं बघू.”

विमान शनिवारी सकाळी आहे. शुक्रवारी रात्री अकराला गाडी येणार, पेठ नाक्यावरून हायवे, खंबाटकी उतरून पहाटे लोहगाव. (आमच्या सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर विमानतळ होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तिकडेही बहुतेक कुणीतरी बघू म्हणालंय.) आठ जणांची आधार कार्डं एका पाकिटात घातली, आईला गुडघ्याचा पट्टा घेतला. काल रात्री जेवणं झाल्यावर अण्णा मूठभर बेदाणा घेऊन खुर्चीत बसले. एकेक दाणा तोंडात टाकत छताकडे बघत म्हणाले, “दिल्लीत ऊन फार असतं म्हणे. माझं पण काय अजून...”

मी बेदाण्याचा डबा उचलला आणि आत नेऊन कुलपात ठेवला.