मोजपट्टीपुरती का होईना, पालिकेने भाजी विकावी

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सावंतवाडीला घरी फोन लावला, तेव्हा आई नुकतीच बाजारातून आली होती. पिशवी ओट्यावर ठेवता ठेवताच म्हणाली, "टोमॅटो 60. चवथ इली काय भाजीवालो आपलोच भाव सांगता." त्याच संध्याकाळी ताईशी बोललो. तिला गोव्यातल्या पेडण्यात दिली आहे. तिने टोमॅटो 34 रुपयांनी आणले होते, घराजवळच्या सरकारी गाड्यावरून. सावंतवाडी आणि पेडणे म्हणजे शेजारशेजारचे तालुके, आणि दोन्हीकडे भाजी येते ती बहुतेक बेळगावचीच. आमची आंबोली घाट उतरून येते, एवढाच काय तो फरक.

गोव्यात सरकारचं फलोत्पादन महामंडळ गावोगाव असे गाडे चालवतं. भाजी घाऊक उचलतं, ठरल्या दराने विकतं आणि तोट्याचा भार सरकार सोसतं. हे राज्याला जमतं, पालिकेला कसं जमेल, असं कुणी म्हटलं तर मी एवढंच सांगतो की अख्खा गोवा क्षेत्रफळाने आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून लहान आहे.

आमच्या घरी दर चतुर्थीला यावरून वाद होतो. नगरपरिषदेने निदान सणापुरते गाडे लावावेत, असं माझं म्हणणं. काकांचं बांद्याला किराणा मालाचं दुकान आहे. ते म्हणतात, पालिकेने गटारं साफ करावीत, भाजी विकू नये. आमच्याच घरपट्टीच्या पैशातून आमच्याच पोटावर पाय कशाला?

काकांचा हाच मुद्दा मी इकडे वेगळ्या तोंडून ऐकला आहे. मी अमेरिकेत, टेनेसीतल्या चॅटनूगात राहतो. इथलं वीजमंडळ शहराच्या मालकीचं आहे, 1935 सालापासूनचं. त्याने 2010 मध्ये आपल्या सगळ्या ग्राहकांना एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. केबल कंपन्या त्याआधीच कोर्टात गेल्या होत्या: सरकारी संस्थेने आमच्या धंद्यात उतरू नये. त्या हरल्या. मंडळाला वीजजाळं सुधारायला केंद्राकडून 11 कोटी डॉलरहून जास्त मदत मिळाली होती, हेही सांगायला हवं. हे सगळं फुकटात उभं राहिलेलं नाही. पण 2020 साली कोविडमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा गरीब घरांतल्या हजारो मुलांना याच जाळ्यावरून मोफत इंटरनेट मिळालं. माझा शेजारी आजही खासगी कंपनीचंच कनेक्शन वापरतो. त्यांनी दर वाढवला की तो फोन करून मंडळाचा दर सांगतो, आणि बहुतेक वेळा बिल खाली येतं. म्हणजे मंडळाचा फायदा त्याचा ग्राहक नसलेल्यालाही होतो.

1932 मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात रूझवेल्ट म्हणाले होते की सरकारी वीज ही मोजपट्टी असावी, म्हणजे खासगी कंपनी किती जास्त घेते ते लोकांना कळेल. पुढच्याच वर्षी सरकारी वीज तयार करणारं टेनेसी खोऱ्याचं प्राधिकरण उभं राहिलं. मला हा विचार पटला, कारण कोकणातल्या माणसाला तो नवा नाही. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा सरकारचा 2018 चा निर्णय आहे. तो किती पाळला जातो हे प्रत्येक चाकरमानी जाणतो. पण ती दीडपट मोजायची कशाची? एसटीची. उद्या एसटी बंद झाली तर ट्रॅव्हल्सवाल्याचा भाव जास्त आहे हे म्हणायलाही आधार उरणार नाही.

आता काकांच्या बाजूचंही सांगतो, कारण त्यांचं सगळंच चूक नाही. फ्लोरिडातल्या बाल्डविन नावाच्या छोट्या गावात एकमेव किराणा दुकान बंद पडलं, म्हणून 2019 मध्ये नगरपालिकेनेच दुकान उघडलं. 2024 मध्ये ते बंद करावं लागलं. एकट्या दुकानाला मोठ्या साखळ्यांसारखा घाऊक भाव मिळत नाही. एकटी सावंतवाडी बेळगावला गेली तर तिचंही तेच होईल. मालवण, वेंगुर्ले, कणकवली, सगळ्यांनी मिळून ट्रक भरायला हवेत.

आणि पालिकेने कशाला हात लावायचा नाही, हेही आधी ठरायला हवं. मोती तलावाजवळ खेड्यांतल्या बायका लाल माठ, तवशी, माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या सजावटीला) लागणारी कवंडळं, तेरडा, शेरवडाची पानं घेऊन बसतात. रानात हिंडून त्यांनी ते सकाळीच गोळा केलेलं असतं. गेल्या वर्षी एकीकडून आईने कवंडळांची जुडी घेतली, वर तिच्याकडचा सगळा माठही उचलला. या बायकांशी स्पर्धा करणं म्हणजे पाप होईल. भाव ज्याच्या हातात असतो तो ट्रक उतरवून घेणारा असतो, टोपली घेऊन बसणारी नव्हे. स्पर्धा व्हावी ती टोमॅटो, कांदा, बटाटा, भेंडी यांच्यात, चतुर्थीच्या पंधरा दिवसांत.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावसात नासलेल्या भाजीचा तोटा कुणाच्या नावावर लिहिणार?" पेडण्यात तो सरकारच्या नावावर जातो. आमच्याकडे तो पालिकेच्या अंदाजपत्रकात, वेगळ्या ओळीत, आकड्यासकट लिहिलेला असावा, असं मी म्हणालो. त्यावर काका म्हणाले, तसं असेल तर गाडे लागण्याआधी निदान एक फळा लावा, त्यावर रोज बेळगावचा आदल्या दिवसाचा घाऊक भाव लिहा. खडू मी देतो.